स्पेलशिवाय रेस: शरीरापासून सुरुवात करा

प्रश्न थोडक्यात असा: घरच्या डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकून, बोलत खेळायचा भूमिकांचा खेळ) कॅम्पेनसाठी, म्हणजे सलग चालणाऱ्या कथेसाठी, चार नव्या रेसेस, म्हणजे कॅरेक्टर ज्यात जन्मतं त्या जमाती, लिहिल्या आहेत. स्पेल म्हणजे जादूचा मंत्र: जंगलातल्यांना ‘फेअरी फायर’ (लपलेल्यांना उजळवणारा), डोंगरातल्यांना ‘फेदर फॉल’ (पडताना अलगद उतरवणारा), नदीकाठच्यांना ‘फॉग क्लाउड’ (धुकं पाडणारा) आणि वाळवंटातल्यांना पाणी निर्माण करणारा स्पेल दिलाय. या जगात जादू दुर्मीळ असायला हवी, पण पहिल्या लेव्हललाच (कॅरेक्टरच्या प्रगतीच्या पहिल्या पायरीवर) चौघेही स्पेल टाकतायत आणि खेळताना सगळे सारखेच वाटतात. स्पेल काढून टाकले तर रेसमध्ये उरतं काय?

सारखे वाटणारच. चौघांनाही तुम्ही दिवसातून एकदा दाबायचं एक बटण दिलंय, फक्त त्यावरचं लेबल वेगळं आहे. आणि हे तुमच्याच बाबतीत होतं असं नाही. २०१४ चं प्लेअर्स हँडबुक, म्हणजे खेळाचं नियमांचं मुख्य पुस्तक, उघडून बघा. टीफलिंगच्या रक्तात नरकाचा अंश, ड्राव म्हणजे जमिनीखाली राहणारे एल्फ. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तरी पाचव्या लेव्हलला दोघांच्याही पदरात ‘डार्कनेस’ हाच स्पेल पडतो. वर गंमत म्हणजे विझर्ड (शिकून जादू करणारा क्लास, म्हणजे पेशा) तोच स्पेल तिसऱ्या लेव्हलपासून टाकत असतो. ज्या गोष्टीने ड्राव हा ड्राव वाटायला हवा, ती शेजारी बसलेल्या माणसाला आधीच आणि जास्त वेळा येते.

स्पेल द्यायचा मोह मला समजतो. रेंज, कालावधी, सेव्ह (तो चुकवायला समोरच्याने टाकायचा फासा), सगळं आधीच लिहिलेलं असतं. रेसच्या पानावर दोन ओळी टाकल्या की काम झालं. पण त्याचबरोबर त्या स्पेलचा सगळा गोतावळा येतो. काउंटरस्पेल या दुसऱ्या स्पेलने तो अडतो, जादू हुडकणाऱ्या डिटेक्ट मॅजिकला दिसतो, बऱ्याचदा कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे तो चालू ठेवायला एकाग्रता, मागतो. जादू दुर्मीळ असलेल्या जगात गावोगावच्या पोरांना हे येत असेल तर दुर्मीळ काय राहिलं?

म्हणून माझी पहिली चाचणी अशी: कॅरेक्टरला अँटिमॅजिक फील्डमध्ये (जिथे जादू चालत नाही अशा जागेत) उभं करा आणि काय उरतं ते बघा. २०१४ च्या टीफलिंगकडे आगीला रेझिस्टन्स (इजा अर्धीच होणं) आणि डार्कव्हिजन (अंधारात दिसणं) एवढंच उरतं. हाफलिंगचं (ही एक ठेंगणी जमात) मात्र काहीच जात नाही. त्याचं नशीब तिथेच असतं.

त्या हाफलिंगकडे जरा नीट बघू, कारण स्पेल न देता रेस कशी लिहावी याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडत नाही. नियम एका ओळीचा आहे: हल्ला, ॲबिलिटी चेक (एखादी गोष्ट जमते का याची परीक्षा) किंवा सेव्हिंग थ्रो (म्हणजेच सेव्ह) यांसाठी डी-ट्वेंटीवर, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर, १ पडला तर फासा पुन्हा टाका आणि दुसरा आकडा घ्या. हिशेब केला तर यातून मिळतं अगदी थोडं. १ पडायची शक्यता ५ टक्के, ती ४०० मध्ये १ इतकी खाली येते. सरासरी १०.५ वरून १०.९७५ वर जाते, म्हणजे अर्ध्या आकड्याचाही फायदा नाही. तरीही टेबलावर हाफलिंगला १ पडला की सगळे मान वर करून बघतात. याला ॲक्शन लागत नाही, लक्षात ठेवून वापरावं लागत नाही, संपत नाही. सगळे जो फासा टाकतात तोच हा टाकतो, फक्त याच्या हातात तो वेगळा वागतो.

स्पेलशिवायची रेस लिहायची म्हणजे माझ्या मते एवढंच करायचं. नवं बटण जोडायचं नाही. टेबलावरचा प्रत्येक जण रोज वापरतो असा एखादा नियम घ्यायचा आणि या शरीरासाठी तो थोडा वाकवायचा. चालणं, पडणं, झोपणं, खाणं-पिणं, लपणं, बघणं, ऐकणं, मार खाणं, ओझं उचलणं. हाफ-ऑर्क शून्य हिट पॉइंटवर (कॅरेक्टरचा जीव मोजणारा आकडा) जायच्या ऐवजी दिवसातून एकदा १ वर थांबतो. म्हणजे मरण्याचा नियम वाकवला. बगबेअरचा हात पाच फूट जास्त पोचतो, म्हणजे अंतराचा. जुन्या वुड एल्फला झाडोरा, जोराचा पाऊस, धुकं असल्या अर्धवट आडोशातही लपता यायचं, म्हणजे लपण्याचा. हे शेवटचं मला फार आवडायचं, कारण वुड एल्फ खेळणारा माणूस डीएमला (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला) आपणहून विचारायचा, ‘बाहेर पाऊस आहे का?’ २०२४ च्या हँडबुकात ते गेलं आणि त्याजागी ‘लाँगस्ट्रायडर’ आणि ‘पास विदाउट ट्रेस’ हे स्पेल आले. ताकद कदाचित वाढली असेल. पण पावसाची चौकशी करायचं कारण गेलं.

मात्र नियम वाकवण्याआधी तुमच्या टेबलावर तो नियम जिवंत आहे का, हे तपासा. १९८१ च्या बेसिक डी अँड डी मध्ये ड्वार्फ (ठेंगणा खाणकरी) हा रेस आणि क्लास दोन्ही एकच होता. त्याला एकही स्पेल नव्हता. उतार असलेला रस्ता, सरकणारी भिंत, नवं बांधकाम हे त्याला सहात दोन या शक्यतेने कळायचं. आज वाचलं तर कोणी म्हणेल, यात काय आहे? पण त्या खेळात एक प्लेअर चौकटीच्या कागदावर नकाशा काढत बसलेला असायचा. नकळत उतार लागून तुम्ही खालच्या मजल्यावर गेलात, की तिथले राक्षस तुमच्या आवाक्याबाहेरचे असायचे. उतार कळणं म्हणजे जीव वाचणं. तुमच्या टेबलावर अंधार, भूक, ओझं, अंतर यांतलं काय खरोखर मोजलं जातं? जे मोजत नाही त्यावर बेतलेली ताकद कितीही सुंदर लिहा, ती कोणी वापरणार नाही.

आता तुमच्या चौघांकडे येऊ.

जंगलातल्यांना तुम्ही ‘फेअरी फायर’ का दिलात? माझा अंदाज, दाट झाडीत लपलेला शत्रू यांना दिसावा म्हणून. मग दिसायचं कसं ते शरीराला विचारा. आपल्या सह्याद्रीत चापडा नावाचा हिरवा विषारी साप आहे. त्याच्या डोळा आणि नाकपुडीच्या मधे दोन्ही बाजूंना एकेक खळगा असतो आणि त्या खळग्याने त्याला उष्णता जाणवते. मिट्ट काळोखातला उंदीर त्याला सभोवतालापेक्षा गरम म्हणून कळतो. हेच उचला. पहिला मसुदा असा लिहा: ‘तीस फुटांच्या आतले गरम रक्ताचे प्राणी तुम्हाला अंधारात आणि पानांच्या आडूनही जाणवतात. ते कुठे आहेत ते कळतं. कोण आहेत ते कळत नाही.’

या दोन वाक्यांना शरीर लावलं की बाकीचे नियम आपोआप बाहेर पडतात. दगड, जाड लाकूड आणि पाणी यांच्या पलीकडचं जाणवणार नाही. सरपटणारे प्राणी हवेइतकेच गार असतात, तेव्हा लिझर्डफोक जाणवणार नाहीत. झाँबीही नाही, कारण प्रेताला ऊब नसते. भर मेमध्ये हवा अंगाइतकीच तापली की फरकच उरत नाही, म्हणून दुपारी ही जाण बंद. शेकोटीजवळ बसलं तर समोर सगळं भडक, त्यापलीकडे काही नाही. अदृश्य झालेला चोर मात्र सापडतो. तो नकाशावरच्या कुठल्या चौकोनात आहे ते कळेल, पण डोळ्यांना दिसत नसल्यामुळे त्याच्यावरच्या हल्ल्याला डिसॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून लहान आकडा घेणं) राहील. फुकटात अदृश्यता पाडणारी रेस नको असेल तर हा फरक जपा.

आता समजा पार्टी (प्लेअर्सच्या कॅरेक्टर्सचा गट) रात्री जंगलात मुक्कामाला थांबली आहे. जंगलवाला म्हणतो, शेकोटी विझवा, मला काही जाणवत नाहीये. विझर्ड म्हणतो, थंडीने मरू. तिसरा म्हणतो, शेकोटी राहू दे, तू शंभर पावलं लांब जाऊन पहारा दे. म्हणजे एकट्याने, अंधारात. अजून एकही फासा पडलेला नाही, तरी तिघांनी मिळून त्या एका शरीरापायी एक निर्णय घेतलाय. उलट बाजूने, या लोकांशी वैर असलेली टोळी अंगाला ओला चिखल फासून येईल. गावकरी त्यांना दुपारच्या उन्हात बाजारात गाठतील. ‘फेअरी फायर’मधून यातलं काय निघालं असतं? चपळाईचा म्हणजे डेक्स्टेरिटीचा एक सेव्ह, एक मिनिट ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेणं), विषय संपला.

डोंगरातल्यांना ‘फेदर फॉल’ऐवजी पंख द्यावेसे वाटतील. देऊ नका. जुन्या आराकोक्राला (पक्ष्यासारखी, पंखांची रेस) पहिल्या लेव्हलपासून एका टर्नमध्ये पन्नास फूट उडता यायचं, आणि कित्येक डीएम ती रेस टेबलावर येऊच देत नाहीत, ते उगाच नाही. दरी, भिंत, खंदक, तुटलेला पूल हे सगळे प्रश्न एका झटक्यात निकालात निघतात, तेही फक्त एकाच प्लेअरसाठी. पश्चिम घाटातला उडता सरडा बघा. तो उडत नाही, फासळ्यांवर ताणलेल्या कातडीवर तरंगत खाली येतो. नियम: दर एक फूट खाली येताना दोन फूट पुढे जाता येतं, पडण्याची इजा होत नाही, अंगात जड चिलखत असेल तर जमत नाही. यात उंची हे चलन झालं. आधी चढून ती कमवावी लागते. मग तुमच्या डोंगरवाल्यांची घरं कड्यावर का असतात, त्यांचे पहारेकरी सगळ्यात उंच सुळक्यावरच का बसतात, सपाट मैदानात त्यांना असुरक्षित का वाटतं, याची उत्तरं वेगळी शोधावी लागत नाहीत.

नदीकाठच्यांना बहुतेक जण पहिल्यांदा श्वास रोखण्याची ताकद देतात. तिचा लढाईत उपयोग शून्य. या नियमांत साध्या माणसालाही निदान एक मिनिट श्वास रोखता येतो (कॉन्स्टिट्यूशन, म्हणजे काटकपणाचा आकडा, सरासरीपेक्षा कमी नसेल तर), आणि एक मिनिट म्हणजे दहा राउंड. इतकी लांब लढाई क्वचितच होते. त्यापेक्षा माशाच्या अंगावरच्या रेषेसारखी पाण्याची जाण द्या: पाय पाण्यात असतील तर साठ फुटांत त्याच पाण्यात जे काही हलतंय ते कळतं, स्थिर असलेलं कळत नाही. मगर स्थिर असते, एवढं डीएमने लक्षात ठेवावं.

वाळवंटाबद्दल माझं मत कडक आहे. तो स्पेल दहा गॅलन पाणी देतो. कडक उन्हात एका माणसाला दिवसाला दोन गॅलन लागतात. पाच जणांची पार्टी धरली तर दिवसाची गरज बरोबर दहा गॅलन. म्हणजे एका कॅरेक्टरने रोज सकाळी एक स्पेल टाकला की तुमचं आख्खं वाळवंट संपलं, उरली ती नुसती वाळू. इथे उंटाकडून शिका. वशिंडात चरबी असते, पाणी नसतं. पण तहानलेला उंट थोड्या वेळात शंभरेक लिटर पाणी पिऊन टाकतो. तुमचा वाळवंटवाला चार दिवस पाण्याशिवाय चालू शकतो, आणि पाणी मिळालं की चार दिवसांचं एकदम पितो. याने त्याचा एकट्याचा प्रश्न सुटतो, बाकीच्यांचा नाही. शेवटची पखाल कोणी कोणाला द्यायची हा वाद राहतो. आणि चार दिवसांनी एखाद्या आटत आलेल्या विहिरीवर याच्यासारखे वीस जण उतरले तर गावकरी काठ्या घेऊन का येतात, तेही कळतं.

या चारही ठिकाणी मी एक गोष्ट टाळली आहे: इम्युनिटी, म्हणजे एखाद्या गोष्टीचा काहीच परिणाम न होणं. मुंगसाला नागाचं विष सहजी बाधत नाही, पण त्यालाही मर्यादा आहे. ड्वार्फला विषाच्या सेव्हवर ॲडव्हान्टेज आणि इजेला रेझिस्टन्स आहे, त्यामुळे विषाचा पेला त्याच्यापुढे ठेवला तर तो विचार करतो. इम्युनिटी असती तर विचार न करता पिऊन मोकळा झाला असता आणि तुमच्या कथेतून विष नावाची गोष्टच गेली असती.

किंमत कशी लावायची, हा पुढचा प्रश्न. नवे डिझायनर इथे दोन टोकांना जातात. एक तर ताकदीला काहीच किंमत नाही, नाहीतर भलत्याच ठिकाणी दंड. जुन्या ड्रावला थेट उन्हात हल्ल्यावर आणि नजरेच्या परसेप्शनवर डिसॲडव्हान्टेज होता. कॅम्पेन जमिनीच्या वर असेल तर बिचारा अर्धा वेळ हात बांधून खेळायचा, आणि जमिनीखाली असेल तर किंमत शून्य. २०१६ मध्ये आलेल्या केंकू या पक्ष्यासारख्या रेसला फक्त ऐकलेल्या आवाजांची नक्कल करूनच बोलता येत असे. कल्पना भन्नाट आहे. पण रोलप्लेइंग गेममध्ये प्लेअरच्या बोलण्यावरच बंधन घातलं की काही जण त्याचं सोनं करतात आणि बाकीचे तिसऱ्या सेशनला गप्प बसतात. पुढच्या आवृत्तीत ते बंधन काढलं गेलं. दोन्ही बाजूंना तथ्य आहे, पण घरच्या टेबलावर मी प्लेअरचं तोंड बंद करणार नाही.

मला पटते ती टबॅक्सीची किंमत. मांजरासारखी ही रेस एका टर्नमध्ये दुप्पट वेगाने धावू शकते. पण ती ताकद पुन्हा वापरायची तर मधे एक आख्खा टर्न जराही हलायचं नाही. धावण्याची किंमत थांबण्यात चुकवायची. मोजायला काही नाही, लाँग रेस्टची (रात्रभराच्या विश्रांतीची) वाट बघायला नको, आणि चित्रही मांजराचंच उभं राहतं: झेप, मग स्तब्ध, मग झेप. उंची, ऊब, पाणी यांच्यातही मी हेच करायचा प्रयत्न केलाय.

आकड्यांबद्दल एकच सूचना. कायमचा ॲडव्हान्टेज हल्ल्यावर देऊ नका. अकरा किंवा वर लागत असेल तर लागण्याची शक्यता ५० वरून ७५ टक्क्यांवर जाते. तेवढं एकाला दिलं की बाकीच्या तिघांना द्यायला काही उरत नाही. चेकवर, सेव्हवर, ठरावीक परिस्थितीत चालेल.

आता स्वभावाबद्दल, कारण स्पेल काढले की लोक ती रिकामी जागा स्वभावाने भरतात. ‘हे सगळे चोर असतात, स्लाइट ऑफ हँड (हातचलाखी) मोफत.’ ‘हे क्रूर असतात.’ निदान आपण तरी हे लिहिताना थांबायला हवं. ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याने आपल्याकडच्या कितीतरी जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो कायदा देशभरातून रद्द झाला, तरी पारध्यांच्या तांड्यावर पोलिसांची पहिली नजर आजही जाते. टेबलावर कोण कुठल्या घरातून आलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. कातडी, खळगा, फासळ्या हे जन्मातून येऊ दे. चोरी, सुतारकी, भालाफेक हे वाढलेल्या गावातून. २०२४ च्या नियमांनीही ॲबिलिटी स्कोअरची (ताकद, चपळाई वगैरेंच्या आकड्यांची) वाढ जन्मावरून काढून बॅकग्राउंडवर, म्हणजे कॅरेक्टरच्या पूर्वायुष्यावर, नेली आहे. घरच्या रेसमध्ये ते करायला कोणाची परवानगी लागत नाही.

मनाचा एखादा धागा आख्ख्या रेसला द्यायचाच असेल तर ‘बर्निंग व्हील’ या खेळाने ड्वार्फसाठी काय केलंय ते बघा. तिथे हाव हा एक आकडा आहे. हवीशी वस्तू मिळवताना तो मदतीला येतो, कथेतल्या घटनांनी तो वाढत जातो आणि टोकाला पोचला की कॅरेक्टर प्लेअरच्या हातातून जातं. सगळे ड्वार्फ हावरट, असं तो खेळ म्हणत नाही. प्रत्येक ड्वार्फच्या आत एक घसरण आहे, आणि कोण किती घसरणार ते प्लेअर ठरवतो. पाचव्या आवृत्तीत हे जसंच्या तसं बसणार नाही, पण तुमच्या चारपैकी एखाद्या रेसला असा एक आकडा देऊन बघायला हरकत नाही.

लिहून झालं की क्लास काढून खेळून बघा. चारही रेसेसची कॅरेक्टर्स पहिल्या लेव्हलची, क्लासची एकही ताकद नाही, हातात काठी आणि दोरखंड. एक रात्रीचा प्रवास, एक चकमक, एक अनोळखी गाव. प्लेअर किती वेळा आपणहून म्हणतो ‘थांबा, हे मी करतो’ किंवा ‘इथे मला जमणार नाही’, तेवढंच टिपून ठेवा. ज्या कॅरेक्टरकडून दोन्ही वाक्यं एकदाही आली नाहीत त्याचं शरीर अजून कागदावरच आहे. तिथे आकडा वाढवू नका, दुसरा नियम वाकवा. ज्याच्याकडून फक्त पहिलं वाक्य येतंय, त्याची किंमत लावायची राहिली आहे.

आणि डार्कव्हिजन चौघांपैकी कोणालाच देऊ नका. २०१४ च्या नऊ रेसेसपैकी माणूस, हाफलिंग आणि ड्रॅगनबॉर्न सोडून बाकी सहांना ते होतं, त्यामुळे बहुतेक टेबलांवर अंधार नुसता नावाला उरला. तुमच्या जंगलवाल्यांचा सगळा खेळ अंधारावर उभा आहे. बाकीच्यांना फुकट दिसायला लागलं तर त्यांच्यासाठी शेकोटी कोणी विझवणार नाही.